मराठी ई-पुस्तकात स्वतःचा फॉन्ट: कुठे दिसतो, कुठे नाही आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात महाल भागातल्या एका छोट्या प्रकाशनाला छापील कवितासंग्रहाचे ई-पुस्तक करायचे आहे. मजकूर मुळात पेजमेकरमध्ये श्रीलिपीत जुळवलेला होता. तो ईपबमध्ये (ई-पुस्तकाची प्रचलित फाइल, आतून एक झिपच) आणला, कवितांच्या शीर्षकांना 'यात्रा वन' आणि ओळींना 'मुक्ता' लावला. ज्या संगणकावर काम झाले तिथे कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे देखणे दिसते. आयफोनवर ॲपल बुक्समध्ये मात्र दुसराच फॉन्ट येतो. किंडलवर शीर्षके बरोबर येतात, पण कवितेच्या ओळी किंडलच्या स्वतःच्या अक्षरात. आणि एका जुन्या ई-रीडरवर 'वऱ्हाड' हा शब्द चक्क तुटतो. सगळीकडे एकच फॉन्ट दिसावा म्हणून काय करायचे?

सगळीकडे एकच फॉन्ट दिसणार नाही, हे आधी मान्य करा आणि मग कामाला लागा. छापील पान तुमच्या ताब्यात असते, ईपब वाचणाऱ्याच्या ताब्यात असतो. फॉन्ट आत घालणे म्हणजे ॲपला केलेली विनंती. ॲप ती मानते, अर्धी मानते किंवा वाचकाने आधी निवडलेला फॉन्ट पुढे करून बाजूला ठेवते. तेव्हा पुस्तक असे बांधायचे की तुमचा फॉन्ट आला तर उत्तम, आणि नाही आला तरी एकही अक्षर चुकणार नाही, एकही ओळ विस्कटणार नाही. तुमच्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगळी आहेत, आणि कॅलिबरमध्ये सगळे ठीक दिसते त्यामागे बहुधा चौथे कारण आहे.

त्या चौथ्यापासून सुरुवात करतो. काम करणाऱ्या संगणकावर मुक्ता आणि यात्रा वन इन्स्टॉल असणारच. ईपबमधला फॉन्ट सापडला नाही तरी कॅलिबरची वाचन-खिडकी संगणकातला त्याच नावाचा फॉन्ट उचलते आणि सगळे जमले असे वाटते. म्हणून पहिली परीक्षा अशा यंत्रावर घ्या जिथे हे फॉन्ट नाहीत. दुसरा संगणक नसेल तर फॉन्ट तात्पुरते अनइन्स्टॉल करा. आणखी एक सोपी युक्ती: चाचणीपुरता संपूर्ण मजकुराला यात्रा वन किंवा मोदक यांसारखा लांबून ओळखू येणारा फॉन्ट लावा. मुक्ता आणि सिस्टिमचा देवनागरी फॉन्ट यांतला फरक फोनच्या पडद्यावर चटकन कळत नाही. मोदक आला की नाही, हे मात्र चष्मा न लावताही कळते.

आता मजकूर. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या घराण्यातले जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेली जागा देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. काही जण तोच फॉन्ट ईपबमध्ये घालून मोकळे होतात. मग जिथे ॲपने फॉन्ट नाकारला तिथे वाचकाला निव्वळ रोमन कचरा दिसतो. जिथे स्वीकारला तिथेही शोध चालत नाही, शब्दकोश चालत नाही, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय चालत नाही. शिवाय या फॉन्टचा परवाना बहुधा त्या संगणकापुरता असतो. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये हवा, याला पर्याय नाही.

तुम्ही रूपांतर केले आहे असे दिसते, पण रूपांतरकांवर विसंबू नका. त्यांची नेहमीची चूक 'ऱ्'पाशी होते. 'वऱ्हाड' दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ, म्हणजे युनिकोडमधली जागा यू+०९३१, आणि त्याला हलंत, किंवा साधा र, हलंत आणि त्यानंतर यू+२००डी हा न दिसणारा जोडक. योग्य फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारातला अदृश्य जोडक मात्र कॉपी-पेस्टमध्ये, 'अनावश्यक चिन्हे काढा' अशा सफाईत किंवा एखाद्या स्क्रिप्टमध्ये गळून पडतो. मग वऱ्हाडच्या जागी रफारवाला 'वर्हाड' उरतो. म्हणून सगळीकडे पहिला प्रकार वापरा. सरसकट शोधून बदल मात्र करू नका. 'सूर्य', 'कार्य', 'पर्याय' यांत रफारच बरोबर आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोडीने तर कवितेचा अर्थच उलटतो. 'र्ह' आणि 'र्य' शोधा आणि एकेक जागा डोळ्यांनी बघा. कवितासंग्रहात त्या शेदोनशेच्या वर निघणार नाहीत.

त्याच फेरीत 'ॲ' तपासा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, यू+०९७२ या जागी आले. जुने रूपांतरक त्याच्या जागी अ आणि वर अर्धचंद्र असे दोन तुकडे ठेवतात. काही फॉन्टमध्ये ते जुळून दिसतात, काहींत चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ उगवते. पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध अडकली आहे का, अनुस्वार मात्रेच्या आधी टंकला गेला आहे का, दंडाच्या जागी रोमन उभी रेघ आली आहे का, हेही बघा. सिजिल या ईपब संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टूल्सखाली रिपोर्ट्स आहे. त्यात पुस्तकात वापरलेल्या प्रत्येक चिन्हाची यादी मिळते. मराठी पुस्तकात त्या यादीत अनोळखी लॅटिन चिन्हे दिसली तर रूपांतर अर्धवट झाले आहे, असे समजा.

फॉन्ट निवडताना आधी परवाना. विंडोजसोबत आलेले मंगल आणि निर्मला हे फॉन्ट तुमच्या संगणकावर आहेत म्हणून पुस्तकात घालून विकता येतात, असे नाही. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. मुक्ता, यात्रा वन, हिंद, एक्झार, बलू, नोटो हे सगळे त्यात आले. हा परवाना फॉन्ट पुस्तकात घालू देतो, विक्रीच्या पुस्तकातही. त्यामुळे पुस्तकाचे हक्क मोकळे करावे लागत नाहीत. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, एवढेच. विकत घेतलेल्या फॉन्टचा करार वाचा. छपाईचा परवाना आणि ई-पुस्तकाचा परवाना हे पुष्कळदा वेगळे विकले जातात. फॉन्टच्या आतही 'घालू द्या' किंवा 'घालू नका' असे सांगणारा एक छोटा आकडा असतो. इनडिझाइन हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर तो वाचून मनाई असलेला फॉन्ट निर्यातीत वगळते. सिजिल तसे काही न विचारता फाइल आत घेतो. म्हणून 'सिजिलने घेतला म्हणजे चालतो' असे धरू नका.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे ल आणि श. यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचा असतो आणि मराठी आकार भाषेच्या खुणेवर अवलंबून ठेवलेला असतो. ती खूण प्रत्येक एक्सएचटीएमएल फाइलच्या (ईपबमधला मजकूर याच फाइलींत असतो) मुळाशी लँग आणि एक्सएमएल-लँग अशी दोन्हीकडे 'एमआर' म्हणून द्यायची, आणि ओपीएफमध्ये, म्हणजे पुस्तकाची माहिती आणि आतल्या फाइलींची यादी असलेल्या फाइलीत, पुस्तकाची भाषाही 'एमआर'. शब्दजुळणीच्या सॉफ्टवेअरने मजकुराच्या तुकड्यांवर 'एचआय' किंवा 'ईएन' अशी खूण मारून ठेवली असेल तर ती काढा, कारण जवळची खूण जिंकते. अशाने एकाच कवितेत दोन तऱ्हेचे ल दिसू शकतात. काही ॲप्स भाषेची खूण बघतच नाहीत. तिथली खात्री हवी असेल तर मराठी वळणच मूळ आकार म्हणून दिलेला फॉन्ट घ्या. 'तिरो देवनागरी' हा फॉन्ट हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्यांत मिळतो तो यासाठीच. कवितेच्या ओळींना माझी पसंती मुक्तापेक्षा तिरोच्या मराठी आवृत्तीला आहे. मुक्ता नीटनेटका आहे, पण पडद्यावरच्या बातमीसारखा दिसतो. अर्थात ही आवडीची बाब.

व्हेरिएबल फॉन्ट टाळा. एकाच फाइलमध्ये सगळी वजने असण्याची सोय वेबसाठी चांगली आहे, पण ई-रीडरवर तिचा भरवसा नाही. गूगलवरून उतरवलेल्या झिपमध्ये 'स्टॅटिक' नावाचा फोल्डर असेल तर त्यातल्या सुट्या टीटीएफ फाइली घ्या. वॉफ आणि वॉफ-२ ही वेबसाठीची फॉन्ट-स्वरूपे ईपब ३ च्या नियमांत बसतात. तरी सगळीकडे पाठवायच्या पुस्तकात टीटीएफ किंवा ओटीएफ यांपलीकडे जाऊ नका.

प्रत्यक्ष जोडणी सोपी आहे, म्हणूनच तिच्यात बारीक चुका होतात. सिजिलमध्ये पुस्तक उघडा, 'ॲड एक्झिस्टिंग फाइल्स' वापरून फॉन्ट आत घ्या. ते फॉन्ट्स फोल्डरमध्ये बसतात आणि ओपीएफमधल्या यादीत त्यांची नोंद आपोआप होते. झिप उघडून हाताने फाइल आत टाकली तर नोंद होत नाही, आणि नोंद नसलेला फॉन्ट कित्येक ॲप्स वाचत नाहीत. हाताने परत झिप करण्यात दुसराही धोका आहे: 'माइमटाइप' ही फाइल झिपमध्ये सर्वांत पहिली आणि न दाबलेली असावी लागते. साधे झिप सॉफ्टवेअर हे पाळत नाही.

फाइलींची नावे रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता आणि शक्यतो सगळी लहान लिपीत ठेवा. विंडोजला मोठे एम आणि लहान एम सारखेच वाटतात. ईपब वाचणाऱ्या ॲपला तसे वाटत नाही. 'संगणकावर येतो, फोनवर येत नाही' या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच कारण निघते.

मग स्टाइलशीटमध्ये (मजकूर कसा दिसावा हे सांगणारी फाइल), अगदी वर, प्रत्येक फॉन्ट-फाइलसाठी एक 'ॲट फॉन्ट-फेस' ब्लॉक. त्यात चार गोष्टी: कुटुंबाचे नाव, वजन, शैली आणि फाइलचा पत्ता. पत्ता स्टाइलशीटच्या जागेपासून मोजायचा, एक्सएचटीएमएल फाइलपासून नाही. स्टाइल्स फोल्डरमधून दोन टिंबे देऊन एक पायरी वर, मग फॉन्ट्स फोल्डर, मग फाइल. नियमित आणि ठळक या दोन फाइलींना कुटुंबाचे नाव एकच द्या आणि वजन वेगळे, ४०० आणि ७००. दोघांना 'मुक्ता रेग्युलर' आणि 'मुक्ता बोल्ड' अशी वेगळी नावे दिली तर ठळक शब्दाच्या वेळी ॲपला बोल्ड फाइल सापडत नाही. ते नियमित अक्षरालाच जाड रंग देते. देवनागरीत असा खोटा ठळकपणा फार वाईट दिसतो. 'क्ष'चे पोट बुजते, 'द्ध' आणि 'ष्ठ' नुसते ठिपके होतात.

तुमच्या शीर्षकांतही हाच प्रकार झालेला असणार. यात्रा वनला एकच वजन आहे. शीर्षकाचा टॅग मुळातच ठळक असतो. त्यामुळे ॲप यात्रा वनला जबरदस्तीने जाड करते आणि त्याची ब्रशची वळणे भरून निघतात. शीर्षकाच्या नियमात फॉन्ट-वेट 'नॉर्मल' लिहा. एवढ्या एका शब्दाने शीर्षके उजळतात.

तिरक्या अक्षरांचेही तसेच. बहुतेक देवनागरी फॉन्टना तिरकी आवृत्ती नसते, म्हणून ॲप सरळ अक्षरच ढकलून तिरके करते. ज्या फॉन्टला खरी तिरकी फाइल नाही, त्याच्यासाठी ईएम आणि आय या टॅगची शैली 'नॉर्मल' करा. जोर दाखवायचा असेल तर वजन किंवा रंगछटा वापरा. तिरो मराठीला खरी इटॅलिक फाइल आहे, तीही घालता येते.

गूगल फॉन्ट्सच्या पानावरचा वेबसाठीचा तयार कोड मात्र ईपबमध्ये चिकटवू नका. त्यातला पत्ता इंटरनेटवरचा असतो, आणि बहुतेक वाचन-ॲप्स पुस्तकासाठी बाहेरून फॉन्ट मागवत नाहीत. शिवाय तिथे फॉन्ट देवनागरी, लॅटिन असे तुकडे करून ठेवलेला असतो.

कुटुंबाचे नाव लावताना ते बॉडी टॅगला लावा, प्रत्येक परिच्छेदाला नको. वर्ड किंवा गूगल डॉक्समधून आलेल्या फाइलीत प्रत्येक तुकड्याला 'मंगल' किंवा 'एरियल युनिकोड' असे चिकटवलेले असते. ते स्टाइलशीटपेक्षा वरचढ ठरते, म्हणून आधी ते पुसा. नावानंतर स्वल्पविराम देऊन पर्याय लिहा: आधी तुमचा फॉन्ट, मग नोटो सेरिफ देवनागरी, मग कोहिनूर देवनागरी आणि शेवटी 'सेरिफ'. कोहिनूर ॲपलच्या यंत्रांत असतोच.

फाइलचे वजन हा पुढचा विषय. पूर्ण देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे शेकडो आकार असतात. म्हणून एकेक फाइल काहीशे केबीची होते, आणि चार फाइली घातल्या की कवितेच्या मजकुरापेक्षा फॉन्टच जड होतात. ॲमेझॉनवर ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला तर फाइलच्या आकारावर वितरण-खर्च कापला जातो. तेव्हा छाटणीला पैशांचेही कारण आहे. ही छाटणी देवनागरीत जपून करावी लागते. जोडाक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा नसते. 'क्ष' म्हणजे क, हलंत आणि ष, आणि या तिघांपासून एक आकार करण्याचा नियम फॉन्टच्या जीसब नावाच्या कोष्टकात असतो. रोमनसाठी केलेली काही ऑनलाइन छाटणी-यंत्रे हे कोष्टकच फेकून देतात. मग मुळाक्षरे सगळी शाबूत, पण 'ज्ञानेश्वर' हलंतांची माळ होऊन येतो.

फॉन्टटूल्स या सॉफ्टवेअर-संचातले पायएफटीसबसेट हे साधन हे नियम सांभाळते. त्याला लेआउट-फीचर्सच्या जागी तारांकन द्या, म्हणजे सगळे नियम राहतील. मग ठेवायच्या जागा: देवनागरीचा पूर्ण पट्टा, म्हणजे यू+०९०० ते यू+०९७एफ अशा १२८ जागा, साधी रोमन अक्षरे आणि अंक, यू+२००सी हा अदृश्य वियोजक आणि यू+२००डी हा अदृश्य जोडक, ठिपक्यांचे वर्तुळ यू+२५सीसी, वळणदार अवतरणचिन्हे, दोन लांबीचे डॅश, तीन टिंबांचे चिन्ह आणि रुपयाचे चिन्ह यू+२०बी९. पुस्तकात आज वापरलेली अक्षरे तेवढीच ठेवण्याचा मोह टाळा. पुढच्या आवृत्तीत एक शब्द दुरुस्त केला आणि त्यात 'ङ' आला तर तेवढे एक अक्षर परक्या फॉन्टमध्ये दिसेल. यात्रा वन फक्त शीर्षकांपुरता आहे, पण त्यालाही हाच पट्टा ठेवा. केबीच्या हिशेबात वाचते ते थोडेच.

आता ॲपल बुक्स. पुस्तकात स्वतःचे फॉन्ट आहेत हे ॲपल बुक्सला वेगळे सांगावे लागते. ईपब ३ मध्ये ओपीएफच्या मेटाडेटात 'आयबुक्स: स्पेसिफाइड-फॉन्ट्स' ही खूण 'ट्रू' करायची. त्यासाठीचा प्रीफिक्स पॅकेज टॅगमध्ये घालावा लागतो, तो ॲपलच्या मार्गदर्शिकेतून जसाच्या तसा उचला. ईपब २ मध्ये हेच काम मेटा-आयएनएफ फोल्डरमधली एक छोटी डिस्प्ले-ऑप्शन्स फाइल करते. तुमच्या पुस्तकात ही खूण नसावी, असा माझा अंदाज आहे. खूण घातल्यावर फोनवरचे जुने पुस्तक पूर्ण काढून टाका आणि नवे घाला, नाहीतर जुनीच प्रत समोर येऊन गोंधळ होतो. वाचकाने अक्षरांच्या मेनूत 'ओरिजिनल' सोडून दुसरा फॉन्ट निवडला असेल तर तुमचा फॉन्ट येणार नाही. आणि त्याने निवडलेल्या रोमन फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर सिस्टिमची देवनागरी येईल. यात बिघाड काही नाही, वाचकाचा तो हक्कच आहे.

किंडलवर तुम्हाला जे दिसले ते अपेक्षितच आहे. किंडल बॉडीला लावलेला फॉन्ट हा वाचकाने बदलायचा फॉन्ट मानते आणि पुस्तक वाचकाच्या आधीच्या निवडीनुसार उघडते. शीर्षकांना वेगळा फॉन्ट दिलेला असल्यामुळे तो टिकतो. मेनूत 'पब्लिशर फॉन्ट' निवडला की मुक्ताही येईल. हा पर्याय यादीत दिसतच नसेल तर फॉन्ट आत पोचलेलाच नाही. यावर 'उपाय' म्हणून काही जण प्रत्येक ओळीला फॉन्टचे नाव चिकटवतात, म्हणजे वाचकाला बदलताच येऊ नये. तसे करू नका. कमी दिसणाऱ्या माणसाचा मोठा, जाड फॉन्ट तुम्ही हिसकावून घेता. कविता कितीही चांगली असो, तो पुस्तक बंद करतो. प्रसिद्ध करण्याआधी किंडल प्रीव्ह्यूअर ३ मध्ये फोन, टॅबलेट आणि ई-रीडर असे तिन्ही पर्याय बघा.

गूगल प्ले बुक्समध्ये 'ओरिजिनल' आणि कोबोवर 'पब्लिशर डिफॉल्ट' निवडलेले असावे लागते. केओरीडर या वाचन-ॲपमध्ये 'एम्बेडेड फॉन्ट्स'ची कळ वेगळी असते. त्यातच कर्निंगचा पर्याय 'बेस्ट' असेल तरच देवनागरीची पूर्ण जोडणी होते. संगणकावर पडताळणीसाठी थोरियम रीडर चांगला, तो नियमांना धरून चालतो.

इनडिझाइनमधून ईपब काढला असेल तर आणखी एक सापळा आहे. इनडिझाइन फॉन्टच्या फाइलीवर एक हलके आवरण चढवते, जेणेकरून झिप उघडून कोणी फॉन्ट सहज उचलू नये. प्रमाण पद्धतीत पुस्तकाच्या ओळखक्रमांकापासून २० बाइटची किल्ली तयार होते आणि ती ५२ वेळा फिरवून फाइलचे पहिले १०४० बाइट बदलले जातात. अडोबीची जुनी पद्धत १६ बाइटच्या किल्लीने पहिले १०२४ बाइट बदलते. वाचणारे ॲप तोच ओळखक्रमांक घेऊन उलटा हिशेब करते. प्रकाशनात पुढे काय होते? आयएसबीएन उशिरा मिळतो, कोणीतरी ओपीएफ उघडून लांबलचक ओळखक्रमांकाच्या जागी आयएसबीएन टाकतो, आणि त्या क्षणी किल्ली बदलते. फॉन्ट आत आहे, नोंद आहे, पत्ता बरोबर आहे, तरी कुठेच दिसत नाही. अशा वेळी मूळ टीटीएफ नव्याने घाला. पुढे हा घोळ नको असेल तर सिजिलमध्ये फॉन्टवर राइट-क्लिक करून 'फॉन्ट ऑबफस्केशन' 'नन' करून ठेवा. मुक्त परवान्याच्या फॉन्टला आवरणाची गरजच नाही. आयएसबीएन दुसरा ओळखक्रमांक म्हणून जोडता येतो, पहिला हलवायचे कारण नाही.

फॉन्ट न आल्यावर कविता कशी उभी राहील, याकडे आता बघा. दुसऱ्या फॉन्टची रुंदी वेगळी, म्हणून ओळ भलत्याच ठिकाणी मोडते आणि मोडलेला तुकडा नवी ओळ असल्यासारखा वाटतो. उपाय जुनाच आहे: प्रत्येक काव्यपंक्तीला डावीकडे दीड ईएमचे (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढे माप) पॅडिंग आणि वजा दीड ईएमचे टेक्स्ट-इंडेंट. मोडलेला भाग आत सरकतो आणि वाचणाऱ्याला कळते की ओळ अजून तीच आहे. स्पेसबार मारून केलेली मांडणी पूर्ण काढा. ओळींमधले अंतर आकड्यात द्या, १.५ ते १.७ च्या दरम्यान, पिक्सेलमध्ये नको. ते कमी पडले तर 'र्कीं'सारख्या अक्षराचा रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीत घुसतो किंवा कापला जातो. लेटर-स्पेसिंग देवनागरीला अजिबात नको, शिरोरेखा तुटून अक्षरे दातांसारखी सुटी होतात. पहिले अक्षर मोठे करायचे असेल तर 'फर्स्ट-लेटर'वर विसंबू नका. 'स्त्री'चे त्याने काय होईल, ते प्रत्येक ॲप आपापल्या मर्जीने ठरवते. पूर्ण अक्षर स्पॅनमध्ये घेऊन मोठे करा. आणि फॉन्ट टिकावा म्हणून कवितांची चित्रे करू नका. सुलेखनातले शीर्षक, तेही आतल्या मुखपृष्ठावर एकदाच आणि पर्यायी मजकुरासह, चित्र म्हणून चालते.

चाचणीसाठी पुस्तकात तात्पुरते एक पान घाला. त्यात अशी अक्षरे हवीत जी चुकली तर लगेच दिसतील. इथलीच ओळ घ्या: 'वऱ्हाडातल्या संत्र्यांची बर्फी सीताबर्डीतल्या दुसऱ्या दुकानात ₹१२०ला, ॲपवर ऑर्डर केली तर ज्ञानेश्वरांच्या पत्त्यावर, श्रद्धा, ब्रह्म, उद्ध्वस्त, राष्ट्र, शल्य, बाळ.' यात रफार, ऱ्ह, ऱ्या, त्र्य, ॲ, ऑ, ज्ञ, श्र, द्ध, ह्म, द्ध्व, ष्ट्र, ळ, रुपया आणि मराठी ल-श सगळे आले. हीच ओळ नियमित आणि ठळक अशा दोन्ही वजनांत लिहा. आयफोन, अँड्रॉइड, किंडल आणि थोरियम यांवर पानाचे फोटो काढून शेजारी ठेवून बघा. शेवटी ईपबचेक हे ईपब तपासण्याचे साधन चालवा. नोंद नसलेला किंवा चुकीच्या पत्त्याचा फॉन्ट ते दाखवते. फॉन्टमधले जीसब छाटले गेले का, हे ते सांगत नाही, त्यासाठी डोळेच लागतात. पान काढून टाकायला विसरू नका.

राहिला तो जुना ई-रीडर. तिथे 'वऱ्हाड' तुटतो याचे कारण फॉन्ट नाही. त्यातले जुने अडोबी इंजिन देवनागरीचे जोडणीचे नियम नीट चालवतच नाही, त्यामुळे कुठलाही फॉन्ट घाला, र सुटा आणि हलंत खाली लोंबता राहणार. ते यंत्र कोबोचे असेल तर फाइल केपब स्वरूपात करून बघा. कोबो ते दुसऱ्या इंजिनने उघडते आणि बऱ्याचदा अक्षरे जुळून येतात. नाहीच जमले तर अशा वाचकांसाठी छोट्या पानाचा पीडीएफ वेगळा द्या. ६ इंची पडद्याला साधारण ९० बाय १२० मिलिमीटरचे पान पुरते, समास ४ मिलिमीटर, मजकूर ११ किंवा १२ पॉइंट. पीडीएफमध्ये जोडाक्षरांचे आकार तयार होऊनच बसलेले असतात, त्यामुळे यंत्राला जोडायचे काही शिल्लक राहत नाही. अक्षर लहान-मोठे करता येत नाही, एवढी अडचण आहे, ती विक्रीच्या पानावर स्पष्ट लिहा.